टीव्हीपुढचा पंच

(निरवांगी येथील साक्षरता वर्गात एका बाईंनी केलेले भाषण)



आपला वर्ग रात्री आठला बसतो. नऊ वाजत आले, की तुमच्यापैकी निम्म्यांचे डोळे पाटीवरून उठतात आणि घड्याळाकडे जातात. का जातात, ते मला ठाऊक आहे. घरी मालिका लागलेली असते. मीही तुमच्यातलीच आहे. मला हसू नका.

परवा गुरुजी मला म्हणाले, "काकी, शनिवारी तुम्ही चार शब्द बोला."

मी म्हटले, "कशावर बोलू? मला काय येतंय?"

ते म्हणाले, "तुम्हाला जे सगळ्यात चांगलं ठाऊक आहे, त्याच्यावर बोला."

मी घरी जाऊन विचार केला. मला शेळ्या ठाऊक आहेत, ऊस ठाऊक आहे आणि टीव्ही ठाऊक आहे. शेळ्या आणि ऊस तर तुम्हालाही ठाऊक आहेत. म्हणून आज मी टीव्हीवर बोलणार आहे.

टीव्ही वाईट आहे, तो बंद करा, असे मी सांगणार नाही. सांगितले तर तुम्ही ऐकणार नाही, आणि मी स्वतःही ऐकणार नाही. टीव्ही कसा बघावा, एवढेच मला सांगायचे आहे.

मी या गावात सून म्हणून आले, तेव्हा आमच्या वस्तीवर एकच टीव्ही होता. 1987 सालच्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले. दर रविवारी सकाळी आम्ही बाया लवकर स्वयंपाक उरकायचो आणि त्या घरी जायचो. चपला बाहेर काढायच्या, पदर डोक्यावर घ्यायचा आणि हात जोडून बसायचे. एक म्हातारी तर राम दिसला की टीव्हीला हळदकुंकू लावायची. त्या वेळी आम्हाला एकच काळजी होती. ऐन वेळी लाईट जाऊ नये!

आता घरोघरी टीव्ही आहे. शिवाय पोरांच्या हातात मोबाईल आहे. दिवसरात्र काही ना काही चालू असते. आता काळजी वेगळी आहे. काय बघावे? किती बघावे? त्यातले खरे किती मानावे? या प्रश्नांवर कोणी बोलत नाही. सगळे नुसते बघतात.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या स्पर्धा. गाण्याच्या, नाचाच्या, प्रश्नोत्तरांच्या, आणि एका घरात माणसे कोंडून ठेवण्याच्या. आता स्पर्धा म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. दोन पैलवान हात मिळवतात. कडेला हजार माणसे बसलेली असतात. पंच शिट्टी घेऊन उभा असतो. पण खरा पंच असते ती माती. पाठ मातीला लागली, की निकाल लागला. मग पैलवान कोणाचा कोण, श्रीमंत की गरीब, गोरा की काळा, हे कोणी विचारत नाही.

टीव्हीवरच्या स्पर्धेत अशी माती नसते. तिथे निकाल तीन तऱ्हांनी लागतो. पहिली तऱ्हा म्हणजे प्रश्नाचे उत्तर. ते बरोबर असते किंवा चूक असते. दुसरी तऱ्हा म्हणजे परीक्षक. ते जाणकार असतात आणि गुण देतात. तिसरी तऱ्हा म्हणजे लोकांचे मत. तिथे तुम्ही आणि मी पंच असतो. हे ध्यानात ठेवा. टीव्हीपुढे बसलेला माणूस नुसता बघ्या नसतो. तो पंच असतो.

आता पंच चांगला केव्हा? त्याला नियम ठाऊक असतील तेव्हा. त्याचे डोळे उघडे असतील तेव्हा. आणि तो भाऊबंदकी बघून निकाल देत नसेल तेव्हा. मी कशी पंच झाले, ते आता सांगते.

2008 साली झी मराठीवर लहान मुलांची गाण्याची स्पर्धा लागली. तिचे नाव 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. पल्लवी जोशी सूत्रे सांभाळायच्या. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. पुढे 2009 सालच्या फेब्रुवारीत शेवटची फेरी झाली. पाच मुले उरली होती. पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड.

आमच्या घरात त्या दिवशी दोन तट पडले होते. मालक म्हणायचे, आर्याच जिंकणार. मी म्हणायचे, कार्तिकी. लोकांची मते मोजली आणि कार्तिकी जिंकली. आमच्याकडे वारीला जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आळंदीची पोर म्हणजे आपलीच पोर! पण त्याच रात्री कितीतरी घरांत लोक रुसले. "सूर तर दुसरीचा पक्का होता," असे म्हणाले.

माझे मत आज सांगते. सुराने बघितले, तर आर्या काकणभर सरस होती. आवाजाच्या ठणठणीतपणाने बघितले, तर कार्तिकी. म्हणजे तुम्ही कशाला गुण देता, त्यावर निकाल ठरतो. मातीचा निकाल एकच असतो. माणसांचा निकाल माणसांइतकाच असतो.

आणि जे पहिले आले नाहीत, ते हरले का? आर्या पुढे सिनेमात आली. 2017 सालच्या 'ती सध्या काय करते' या सिनेमात तिने काम केले. रोहित गाणी गातो. प्रथमेश आणि मुग्धा मोठे झाले, गात राहिले, आणि 2023 सालच्या डिसेंबरात त्यांचे एकमेकांशी लग्न झाले. त्या रात्री चौघांच्या वाट्याला पहिला नंबर आला नाही. पण गळा तर कोणी काढून घेतला नाही! आपली पोरे एका परीक्षेत मागे पडली, की आपण त्यांना टाकून बोलतो. तेव्हा ही गोष्ट आठवावी.

आता त्या घरात कोंडण्याच्या स्पर्धेकडे वळू. तिचे नाव 'बिग बॉस'. मूळ खेळ आपला नाही. 1999 साली युरोपात नेदरलँड्स नावाच्या लहानशा देशात तो निघाला. तिथून जगभर गेला. 2006 साली हिंदीत आला आणि 2018 साली मराठीत आला. खेळ असा. पंधरासोळा माणसे एका घरात राहतात. बाहेरचे कोणी भेटत नाही. हातात मोबाईल नसतो, घरात घड्याळ नसते. भिंतीभिंतीवर कॅमेरे असतात. दर आठवड्याला मते मागतात. ज्याला मते कमी, तो बाहेर.

2024 सालच्या जुलैच्या शेवटी कलर्स मराठीवर या खेळाचे पाचवे पर्व सुरू झाले. रितेश देशमुख ते सांगायला होते. त्यात एक पोरगा आला, सूरज चव्हाण. गाव मोढवे, आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यातले. आपल्याकडे नीरेचा कालवा आहे, ऊस आहे. मोढव्याकडचा भाग जिरायती. पाऊस आला तर पीक. सूरजचे आईवडील तो लहान असतानाच गेले. शिक्षण अर्ध्यावर सुटले. मोलमजुरी केली. पुढे मोबाईलवर लहान लहान चित्रफिती करू लागला आणि लोकांना ठाऊक झाला. बोलणे आपल्यासारखेच. पांढरपेशी भाषा त्याला येत नव्हती आणि त्याने ती आणायचा आवही आणला नाही.

त्याच्यासमोर कोण होते? अभिजीत सावंत. 2005 साली 'इंडियन आयडॉल'ची पहिलीच स्पर्धा जिंकलेला मुंबईचा गायक. सगळ्या देशाला ठाऊक असलेला माणूस.

आमच्या घरात पुन्हा दोन तट. नातू अभिजीतच्या बाजूने, मी सूरजच्या बाजूने. रोज रात्री जेवताना भांडण.

नातू म्हणायचा, "आजी, सूरज खेळतच नाही. कोपऱ्यात बसून असतो. तुला त्याची कीव येते, म्हणून तू मत देतेस."

मी म्हणायचे, "कोपऱ्यात बसतो, पण कुणाची चहाडी करत नाही. ते आरडाओरडा करणारे बघ. सकाळी गळ्यात गळा आणि संध्याकाळी गळ्यावर हात!"

6 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल लागला. सूरज जिंकला. अभिजीत दुसरा आला. सूरजला 14 लाख 60 हजार रुपये बक्षीस मिळाले. मी उठून नाचले, हे माझ्या सुनेने बघितले आहे. ती इथेच बसली आहे.

पण बंधूंनो, मला एक गोष्ट कबूल करायची आहे. काही दिवसांनी मी शांतपणे विचार केला. मी मत कशाला दिले? खेळ बघून दिले का? थोडेसे खेळ बघून, आणि बरेचसे 'आपल्या भागातला' म्हणून. नातू म्हणत होता, त्यात काही अगदीच खोटे नव्हते. पहिले काही आठवडे सूरजला तो खेळ उमगलाच नव्हता. मी पंच होते, पण मी भाऊबंदकी केली.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली. हिशेब शिकले, म्हणून ध्यानात आली. ते पर्व 70 दिवस चालले. दिवसाचे तास 24. म्हणजे 70 गुणिले 24, झाले 1680 तास. आम्हाला दिवसाकाठी दाखवले तासाभराचे. म्हणजे 24 घासांतला एक घास आमच्या ताटात आला. उरलेले 23 घास कोणी काढले? कार्यक्रम करणाऱ्यांनी काढले. भांडण झाले की ते दाखवायचे. कोणी तासभर गुपचूप भांडी घासली, तर ते कशाला दाखवतील? मी ज्यांना भांडखोर म्हणत होते, ते 23 तास कसे वागले, हे मी बघितलेच नव्हते. एका घासावरून मी सगळ्या स्वयंपाकाला नावे ठेवली.

म्हणून मला वाटते, त्या घरातल्या माणसांना आपण शिव्या देऊ नयेत. विशेषतः बायांना. टीव्हीवर बाई मोठ्याने बोलली, की आपल्याकडचे पुरुष लगेच तिच्या चालीरीतीवर जातात. पुरुष ओरडला तर म्हणतात, 'गडी खमका आहे.' हा कुठला न्याय?

टीव्हीवरच्या स्पर्धेत आपल्या भागातला म्हणून मत दिले, तर फार बिघडत नाही. ती करमणूक आहे. पण ती सवय घेऊन आपण ग्रामपंचायतीच्या मतदानाला जातो. तिथेही आपण 'आपला, आपल्या भावकीतला, आपल्या आळीतला' असे बघतो. काम कोणी केले, पाणी कोणी आणले, हिशेब कोणी दाखवला, हे बघत नाही. टीव्हीवरचा निकाल दुसऱ्या दिवशी विसरला जातो. ग्रामपंचायतीचा निकाल पाच वर्षे आपल्या नळाला आणि रस्त्याला दिसतो. तिथे मात्र पंचाने भाऊबंदकी करू नये. टीव्हीपुढे मी चूक केली, म्हणून मला हे कळले. तेवढ्यासाठी तरी मी टीव्हीचे उपकार मानते.

सूरजचे पुढे काय झाले? 2025 सालच्या एप्रिलात त्याचा 'झापुक झुपूक' हा सिनेमा आला. केदार शिंदे यांनी तो काढला. मत देताना जेवढी गर्दी होती, तेवढी सिनेमाला दिसली नाही. मत द्यायला फुकट असते, तिकिटाला पैसे पडतात. आपल्या पोरांनी हे बघून ठेवावे. चित्रफीत करून नाव होते. बक्षीसही मिळते. पण एकाला मिळते, आणि हजारो पोरे शाळा बुडवून मोबाईलपुढे नाचत राहतात. सूरजच्या हिमतीचे कौतुक करा. पण त्याची शाळा सुटली, ती नाइलाजाने सुटली. आपल्या पोरांची आपण हौसेने सोडवू नये.

आता तिसरी स्पर्धा. प्रश्नोत्तरांची. 'कौन बनेगा करोडपती'. 2000 सालच्या जुलैत अमिताभ बच्चन यांनी ती सुरू केली. ही स्पर्धा मला कुस्तीसारखी वाटते. उत्तर चुकले की पाठ मातीला लागली. तिथे कीव चालत नाही आणि गावकीही चालत नाही.

2019 साली त्यात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बसल्या. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. महिन्याला 1500 रुपये मिळायचे. त्या बाईंनी एक कोटी रुपये जिंकले! अमिताभ बच्चन यांनी विचारले, पैशाचे काय करणार? तर घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल होता, म्हणून त्यांना एक मोबाईल हवा होता. मी पदराने डोळे पुसले. खिचडी शिजवणाऱ्या हाताने एक कोटी आणले, ते कशाच्या बळावर? नशिबाच्या नव्हे. त्या बाईंना वाचनाची आवड होती. चुलीपुढे उभ्या राहूनही त्यांनी वाचन सोडले नव्हते.

पण याच कार्यक्रमाच्या नावावर आमच्या घरात एक वाईट गोष्ट घडली. ती माझ्या जावेची आहे. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांगा, पण माझं नाव घेऊ नका."

2024 सालच्या मे महिन्यात तिच्या मोबाईलवर एक चित्र आले. त्यावर अमिताभ बच्चन यांचा फोटो, खाली शिक्के आणि सह्या. मागोमाग एका माणसाचा फोन. तो हिंदीत गोड बोलला. "माताजी, तुमच्या नंबरला 25 लाखांची लॉटरी लागली आहे. आधी कराचे साडेबारा हजार भरा. कोणाला सांगू नका, नाहीतर लॉटरी रद्द होईल." जावेला अक्षर येत नव्हते. फोटो मात्र ओळखीचा होता. तिने दोन बोकड विकले. मोबाईलच्या दुकानात जाऊन पैसे पाठवले. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. आता आणखी 25 हजार मागितले. तेव्हा ती घाबरली आणि रात्री माझ्याकडे आली.

मी त्याच वर्षी, 17 मार्च 2024 रोजी, साक्षरतेची परीक्षा दिली होती. अक्षर लावून लावून मी ते चित्र वाचले. हिंदी होते, पण अक्षरे आपलीच. त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या, की माझ्या वहीतही तेवढ्या नसतील. मग फोनचा नंबर बघितला. त्याच्या पुढे 92 होते. आपल्या देशाच्या नंबरापुढे 91 असते. 92 पाकिस्तानचे. आणि आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, ती मी टीव्हीची वेडी म्हणून. 'करोडपती'चे ते वर्षाचे पर्व डिसेंबरातच संपले होते. नवे सुरूच झाले नव्हते. मग मे महिन्यात बक्षीस कुठले?

मी जावेला म्हटले, "अगं, हा चोर आहे."

ती खाली बसली. म्हणाली, "आक्का, मला चार दिस आधी तुझ्याकडं यायला काय झालं होतं!"

साडेबारा हजार परत आले नाहीत. तक्रार केली, पण फार दिवस गेले होते. तेव्हा सगळ्यांनी हा नंबर पाटीवर लिहून घ्या. 1930. एक, नऊ, तीन, शून्य. मोबाईलवरून पैसे लुबाडले गेले, की लगेच या सरकारी नंबरावर फोन करायचा. जितक्या लवकर कराल, तितके पैसे थांबण्याची आशा जास्त. लाज वाटून चार दिवस गप्प बसू नका. लाज चोराला वाटावी.

आणि एक खूणगाठ बांधा. खरे बक्षीस असते, तेव्हा कर आपल्याला आधी भरावा लागत नाही. अशा बक्षिसावर शेकडा 30 रुपयांच्या दराने कर असतो. तो देणाराच बक्षिसातून कापतो आणि उरलेले हातात देतो. ज्या स्पर्धेत तुम्ही भाग घेतला नाही, तिचे बक्षीस तुम्हाला लागत नाही. जो आधी पैसे मागतो, तो बक्षीस देणारा नव्हे.

आता मालिकांविषयी थोडे बोलते. नऊ वाजायला दहा मिनिटे आहेत, मला ठाऊक आहे.

हल्लीच्या कित्येक मालिका मला पटत नाहीत. सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवते. सून दारामागे उभी राहून ऐकते. एक थप्पड मारली, की ती तीन वेळा दाखवतात. घरात कोणी भाकरी थापत नाही, शेण काढत नाही, रेशनला जात नाही. पण रात्रीही दागिने घालून झोपतात. वर्षभर आपण बघतो आणि शेवटी कळते, की मेलेला माणूस मेलाच नव्हता! हे असे का? मालिकेचे पोट जाहिरातीवर भरते. जितकी घरे बघतात, तितका जाहिरातीला भाव. म्हणून उद्या पुन्हा आपण टीव्ही लावावा, यासाठी रोज शेवटी गाठ मारून ठेवतात. चांगले लिहिणारेही आहेत. पण गाठ मारण्याचे काम त्यांनाही करावे लागते.

मला मनापासून आवडलेली मालिका एकच. 'उंच माझा झोका'. 2012 साली झी मराठीवर लागली. ती रमाबाई रानडे यांची गोष्ट आहे. लग्न होऊन रमा सासरी आली, तेव्हा तिला अक्षर येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी तिला शिकवायला घेतले. घरातल्या बायकांनी टोमणे मारले. तरी ती शिकली. पुढे 1909 साली पुण्यात सेवासदन उभे करून तिने कितीतरी बायकांना शिकवले. ही मालिका लागायची, तेव्हा मला अक्षर येत नव्हते. रमा पाटीवर 'अ' काढायची आणि मी परातीतल्या पिठात बोटाने काढून बघायचे. मालक विचारायचे, "काय करतेस?" मी पीठ पुसून टाकायचे. त्यानंतर पाटी हातात घ्यायला मला दहा-अकरा वर्षे लागली.

रमाबाईंनी स्वतः आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले आहे. ते 1910 साली निघाले. आता ते माझ्या घरी आहे. भाषा जुनी आहे. दिवसाला अर्धे पान होते. मालिका संपली, ती संपली. पण पुस्तकात एखादे वाक्य कळले नाही, तर मी मागे जाते. पुन्हा वाचते. तिथे जाहिरात येत नाही. गाठ मारून कोणी उद्यावर ढकलत नाही. कुठे थांबायचे, ते मी ठरवते.

आणि मालिकेत केवढी ताकद असते, तेही ऐका. मेक्सिको नावाचा देश अमेरिका खंडात आहे. तिथे 1975 साली एक मालिका सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ होता, 'माझ्याबरोबर चल'. तुमच्या-माझ्यासारखी वयस्क, कष्टकरी माणसे रात्रीच्या वर्गात शिकतात, अशी तिची गोष्ट होती. एके दिवशी मालिकेत सांगितले, की शिकण्याची पुस्तके अमुक ठिकाणी फुकट मिळतात. तर दुसऱ्या दिवशी तिथे इतकी गर्दी लोटली, की रस्ते अडले. त्या काळात लाखो लोकांनी वर्गात नावे घातली. त्याच धर्तीवर 1984 साली आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका आली. म्हणजे बघा, त्या देशातली माणसे टीव्हीपुढून उठून वर्गात आली. आणि आपण वर्गातून उठून टीव्हीपुढे जातो!

जा, जरूर जा. पण पंच होऊन बघा. बघताना मनाला चार प्रश्न विचारा. यात दाखवले किती आणि गाळले किती? निकाल कोण देतो, माती की माणसे? यातून पैसा कोणाला मिळतो? आणि मी हे खेळ बघून मत देते आहे, की भाऊबंदकी बघून?

दरवर्षी तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यात येते. बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्व धावतो. लाखो डोळे बघतात. तिथे कोणी बाद होत नाही, कोणाला मत मागत नाहीत. बघणारा माणूस घरी जाताना थोडा मोठा होऊन जातो. बघणे असे असावे. टीव्हीवर ते रोज मिळणार नाही. पण कधी मिळाले, तर ते ओळखण्याइतकी नजर आपल्याजवळ हवी.

माझी जाऊ गेल्या वर्षीपासून या वर्गाला येते. काल तिने मोबाईलवर आलेला एक संदेश स्वतः वाचला. लाईट बिलाचा होता. वाचून झाल्यावर म्हणाली, "आक्का, खरा हाय का खोटा, ते आपण दोघी मिळून बघू."

नऊ वाजले. पाट्या नीट ठेवा. उद्या आठला या.

रामराम.